जुन्या लँड क्रूझर ८० च्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर: जोडायचा कुठे, घ्यायचा केवढा?

वाळूची_वाट

गाडी लँड क्रूझर ८० सिरीज, १९९४, ए४४२एफ चार-स्पीड ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सच्या तेलासाठी फक्त रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर आहे, रेडिएटरही मूळचाच. डांबरी रस्त्यावर काही तक्रार नाही. मऊ वाळूत किंवा दगडी चढावर वीस-पंचवीस मिनिटं हळू चालवली की एटीएफला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाला, जळका वास येतो. तेल लालचं विटकरी झालंय. चेंबरला (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याला) लावलेल्या सेन्सरवर आकडा ११८ अंशांपर्यंत गेला. इंजिनच्या पाण्याचा काटा मात्र जागचा हलत नाही.

वेगळा कूलर लावायचा हे नक्की. रेडिएटरमधला ठेवून तेलाच्या वाटेवर त्याच्यानंतर जोडू की तो पूर्ण वगळू? केवढा घेऊ? होज कोणता? आणि पंखा लागेलच का?

लो_रेंज

आधी एक विचारतो, वाळूत हाय रेंजमध्ये, म्हणजे ट्रान्सफर केसच्या रोजच्या रस्त्याच्या गुणोत्तरात, चालवता का? ही उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. आतल्या दोन चक्रांच्या वेगात जितका फरक, तितकी इंजिनची ताकद चाकांपर्यंत न जाता तेल तापवण्यात जाते. हळू वेगात ही दोन चक्रं एकत्र बांधणारा लॉक-अप क्लच सुटलेलाच असतो, त्यामुळे ही घसरण सतत चालू राहते. या गाडीच्या लो रेंजचं गुणोत्तर २.४८८ आहे, म्हणजे चाकांना तेवढाच जोर द्यायला गिअरबॉक्सवर येणारा भार जवळपास अडीच पटींनी उतरतो. वाळूत लो रेंज टाकून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालवा आणि टायरची हवा कमी करा. एवढ्यानेच आकडा बराच खाली येईल. कूलर तरीही लावा, पण या सवयीला तो पर्याय नाही.

आता जोडणी. क्रम असा: गिअरबॉक्समधून गरम तेल रेडिएटरच्या कूलरला, तिथून नव्या कूलरला, तिथून परत गिअरबॉक्सला. नवा कूलर परतीच्या लाइनवरच हवा. उलट जोडलात तर नव्या कूलरने थंड केलेलं तेल शेवटी रेडिएटरच्या ८५-९० अंशांच्या पाण्यातून जाईल आणि पुन्हा तापून गिअरबॉक्समध्ये पोचेल.

परतीची लाइन ओळखायला गाडी दहा मिनिटं चालवा आणि दोन्ही धातूच्या पाइपांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं, म्हणून पाइपावर आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा आणि त्यावर नेम धरा. कमी गरम ती परतीची. गिअरबॉक्सकडच्या युनियनला (पाइप जोडणाऱ्या आट्यांच्या नटाला) हात लावू नका, जुने आटे तिथे सहज जातात. रेडिएटरपाशी धातूचा पाइप जिथे रबरी होजला मिळतो तिथूनच लाइन फोडा.

होजवर ‘एसएई जे१५३२’ छापलेलं बघूनच घ्या. पेट्रोल-डिझेलचा साधा होज गरम एटीएफमध्ये आधी फुगतो, मग कडक होऊन क्लिपेपाशी चिरतो. आतला व्यास ३/८ इंच. पाइपाच्या टोकाला उठाव असलाच पाहिजे, गुळगुळीत टोकावर होज कितीही आवळला तरी दाबाखाली सरकतो. क्लिप इंजेक्शन होजवाली, आतून सपाट पट्टीची. खाचांची पट्टी रबर कापते.

तेल_आणि_आटे

क्रम बरोबर आहे, पण तीस वर्षांच्या मूळ रेडिएटरमधून एटीएफ फिरवत ठेवायला माझा विरोध आहे. टाकीतल्या कूलरला आतून भोक पडलं की कूलंट आणि एटीएफ मिसळतात आणि डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं काहीतरी दिसतं. ग्लायकॉल आणि पाण्याने क्लच प्लेटांच्या अस्तराचा डिंक सुटतो. नंतर कितीही वेळा तेल बदललं तरी ते अस्तर परत चिकटत नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

तपासायचं असेल तर रेडिएटर तोंडापर्यंत पाण्याने भरा, कूलरचं एक तोंड बंद करा आणि दुसऱ्यातून २ बार हवा द्या. दहा मिनिटांत फिलरच्या तोंडाशी एकही बुडबुडा यायला नको. मात्र यातून फक्त आजची स्थिती कळते. मी तरी दोनच मार्ग मानतो: नवा रेडिएटर घालून लो_रेंज म्हणतात तशी जोडणी, नाहीतर जुना पूर्ण वगळून थर्मोस्टॅट व्हॉल्व्हसह मोठा कूलर.

व्हॉल्व्ह का, ते सांगतो. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये कूलरमधून परत येणारं तेलच मागच्या गिअरांना आणि बुशांना वंगण म्हणून जातं. गार, घट्ट तेल बारीक कूलरमध्ये अडलं की ते भाग कोरडे चालतात. साधारण ८० अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह तोवर तेल थेट परत पाठवतो. होज मुरगळला तरी हेच नुकसान होतं, म्हणून चॅसिसच्या कडेवरून वळवताना मोठी गोलाई ठेवा. जागा नसेल तर ९० अंशांचं फिटिंग वापरा.

आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात नको. तिचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात) अडकला तर गिअर बदलणं बिघडतं. युनियनला नवीन तांब्याची वायसर पुरते.

लो_रेंज

रेडिएटर इतका जुना असेल तर मान्य. पण थंड हवेतही गाडी वापरायची असेल तर नवा रेडिएटर घालून दोन्ही कूलर ठेवणं मला जास्त पटतं, पाण्यामुळे एटीएफ लवकर कामाच्या तापमानाला येतं.

आकाराचं राहिलं. रेडिएटरमधल्या कूलरनंतर जोडायचा असेल तर साधारण २८० × १९० मिमीचा, वगळायचा असेल तर २८० × २५५ च्या आसपासचा. दोन्ही वेळा स्टॅक्ड प्लेट, म्हणजे एकावर एक चपट्या पट्ट्या रचलेल्या, प्रकारचाच. नळी-आणि-पंख प्रकार स्वस्त, पण तेवढ्याच जागेत कमी काम करतो.

जाळीमागे

पंख्याबद्दल. कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे लावलात तर हवा मूळ पंख्याचीच, आणि वाळूत चालण्याच्या वेगात ती अपुरी. आधी इंजिनच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंखा घट्ट धरणारा) बघा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवताना तो जड लागला पाहिजे. मोकळा फिरत असेल तर नवा कूलरही उपाशीच राहील.

तरीही १० इंची विजेचा पंखा लावाच. रिले, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमीची वायर आणि ८५ अंशांच्या आसपास चालू होणारा स्विच. शिवाय डॅशबोर्डवर हाताने बंद करायचा स्विच हवाच. खोल पाण्यात फिरता पंखा बुडाला तर पाती पुढे वाकून कूलरच्या जाळीला घासतात, आणि ते भोक परतीच्या वाटेवर कळतं.

कूलर जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नका. गाडी हादरली की पट्टी नळीला करवतीसारखी कापत जाते. पत्र्याची ब्रॅकेट आणि रबरी बुश वापरा, कंडेन्सरपासून १५-२० मिमी अंतर ठेवा. तोंडं वर किंवा बाजूला हवीत. बाजूला असतील तर तेल खालून आत, वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही.

वाळूची_वाट

धन्यवाद. वाळूत आत्तापर्यंत हाय रेंजच वापरत होतो. नवा रेडिएटर आणि त्याच्यानंतर वेगळा कूलर, असं ठरवलंय. तेल किती जास्त लागेल? आणि ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीलाही) कूलर लावावा का?

तेल_आणि_आटे

३/८ इंची होजमध्ये मीटरला सुमारे ७० मिली तेल मावतं. तीन मीटर होज आणि कूलर धरून अर्धा लिटर जादा हाताशी ठेवा. विटकरी झालेलं तेल नव्या कूलरमधून फिरवू नका. चेंबरमधून निघेल तेवढं मोजून तेवढंच नवं भरा, दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तसंच करा. चेंबर उतरवलंच तर चुंबकांवरचा गाळ बोटांत चोळून बघा. राखाडी पेस्ट चालेल, टोचणारे कण नकोत.

गाडी चालवायला घेण्याआधी प्रवाह मोजा: परतीचा होज बादलीत सोडा, आयडलला वीस सेकंदांत साधारण लिटरभर तेल यायला हवं. फारच कमी आलं तर कुठेतरी अडलंय, गाडी हलवू नका. बादलीत गेलेलं तेल लगेच परत भरा. मग तेल ७०-८० अंशांवर आलं की सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरांतून लिव्हर फिरवून ‘पी’मध्ये आणा आणि डिपस्टिकच्या ‘हॉट’ खुणांमध्ये पातळी बघा. जास्त भरलंत तर फेस होतो, आणि फेसाळ तेल आणखी तापतं.

ट्रान्सफर केसला नको. कूलर लावायचा तर वेगळा विजेचा पंप, गाळणी आणि दोन नवे होज आले. यातला एक फुटला की केस रिकामी होते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तिथे फक्त पातळी भरणीच्या बोल्टच्या भोकापर्यंत ठेवा आणि खोल पाण्यातून आल्यावर तेल दुधाळ झालंय का ते बघा. ब्रीदरची (केसमधली हवा आत-बाहेर जाण्याची) नळी बोनेटच्या उंचीपर्यंत वर नेली असेल तर तेही सहसा होत नाही.