बायको सात-आठ महिन्यांनी जर्मनीला येणार: लॅपटॉप इथून न्यावा की सांगलीत घ्यावा?

कृष्णाकाठ:
मी स्टुटगार्टला नोकरीला आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपातला परवाना). बायको सांगलीत असते. व्हिसाचं काम सुरू आहे, यायला सात-आठ महिने लागतील. तोवर तिला जर्मनच्या ऑनलाइन क्लाससाठी आणि अकाउंटिंगच्या कामासाठी (एक्सेल, टॅली, जीएसटी रिटर्न) लॅपटॉप हवा आहे. दिवाळीला मी तीन आठवडे तिकडे येतोय. बजेट ८०० युरोपर्यंत. इथून घेऊन यावा का? कस्टम, जर्मन कीबोर्ड, प्लग, वॉरंटी या चारही गोष्टींची धास्ती आहे. विमानतळावर व्हॅट परत मिळतो असंही ऐकलंय, ते खरं का?

घाटमाथा:
व्हॅटचं आधी सांगतो, कारण बरेच जण तो हिशोबात धरून बसतात. तो परतावा युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्या प्रवाशाला मिळतो. तुमचा राहण्याचा परवाना जर्मनीचा आहे, म्हणजे तुम्हाला नाही. व्हॅटचे १९ टक्के किमतीतच गेले असं समजून तुलना करा.

भारतात येताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमाफ आहे आणि ही सवलत सामान्य भत्त्याच्या (प्रत्येक प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंत शुल्कमाफ सामान) वर आहे. अडचण येते ती दोन लॅपटॉप असले की. स्वतःचा किंवा ऑफिसचा बरोबर घेतलात तर दुसऱ्याची किंमत सामान्य भत्त्यात मोजली जाते. भत्ता ओलांडत असेल तर विमानतळावर रेड चॅनेलला (शुल्क लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेत) जाऊन सांगावं लागतं. त्यामुळे शक्य असेल तर तुमचा तिथेच ठेवा. आणि 'लॅपटॉप' म्हणजे लॅपटॉपच. डेस्कटॉप किंवा वेगळा मॉनिटर या सवलतीत बसत नाही.

कुरिअरने मात्र पाठवू नका. भेटवस्तू म्हणून येणाऱ्या पार्सलची शुल्कमाफी २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता बंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर झाले. पोस्टाने किंवा कुरिअरने एकच नग परवान्याशिवाय येऊ शकतो, तोही शुल्क भरून. वर लिथियम बॅटरी असल्यामुळे बऱ्याच सेवा पार्सल घेतच नाहीत. विमानात केबिन बॅगेत ठेवा. बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत चालते, साध्या लॅपटॉपची ५० ते ७५ असते.

कळफलक:
माझ्या मते खरा निर्णय कीबोर्डवर व्हायला हवा, कस्टमवर नाही. कारण तो रोज आठ तास हाताखाली असणार आहे.

जर्मन दुकानात शेल्फवर मिळतो तो क्वेर्ट्झ: वाय आणि झेड उलटे, @ साठी ऑल्ट-जीआर (उजवीकडचं ऑल्ट) आणि क्यू, डावी शिफ्ट अर्धी कापून तिथे एक जादा बटण, एंटर उभं. विंडोजमध्ये 'इंग्लिश यूएस' लावलं की बटणं यूएसप्रमाणे चालतात, पण छपाई तीच राहते आणि विरामचिन्हांची फसगत होते. स्टिकर लावले तरी शिफ्ट लहानच राहते. एक्सेलमध्ये सूत्रं लिहिणाऱ्या माणसाला कंस आणि बरोबरचं चिन्ह सतत लागतं. ती दोन्ही जर्मन छपाईत भलत्या जागी आहेत. मराठी इनस्क्रिप्टला (सरकारी प्रमाण मराठी लेआउटला) फरक पडत नाही, कारण ते बटणाच्या जागेवर चालतं. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) असेल तर मात्र 'य'साठी झेड छापलेलं बटण दाबावं लागतं.

उलट यूएस कीबोर्डवर जर्मन लिहिणं अगदी सोपं. 'यूएस इंटरनॅशनल' हा लेआउट लावा: ऑल्ट-जीआरबरोबर क्यू दाबलं की ä, पी दाबलं की ö, वाय दाबलं की ü, एस दाबलं की ß. दोन दिवसांत हात बसतो. म्हणून कंपनीच्या साइटवरून यूएस कीबोर्ड निवडून मागवता येत असेल तरच जर्मनीतून घ्या. अशी ऑर्डर यायला वेळ लागतो, दिवाळीच्या निदान पाच-सहा आठवडे आधी करा.

सोल्डरगन:
टॅलीमुळे मॅक बाद. विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन (एआरएम जातीचा) प्रोसेसरवाला टाळा. जीएसटीच्या डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबीचा) किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमवर मिळेलच असं नाही. इंटेल किंवा एएमडी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर नंतर वाढत नाही, तेव्हा ८ जीबीवर पैसे वाचवू नका.

प्लग ही किरकोळ बाब. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतोच. जर्मन गोल प्लग आपल्या बऱ्याच सॉकेटमध्ये घुसतो पण त्याचं अर्थिंग लागत नाही. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात त्या यानेच. ॲडॅप्टर लावत बसू नका. चार्जरच्या ठोकळ्यात शिरणारी, तीन पानांसारखं तोंड असलेली भारतीय तीन-पिन वायर सांगलीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. ती लावा, जर्मन वायर जपून ठेवा, पुढे तीच लागणार आहे.

वॉरंटीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. युरोपातली दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विक्रेत्यावर असते. सांगलीत बिघडला तर तिचा उपयोग शून्य. कंपनीची वॉरंटी आंतरराष्ट्रीय आहे का, हे त्या नेमक्या मॉडेलसाठी लेखी विचारा. लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या बिझनेस मालिकांत ती बहुधा असते, स्वस्त घरगुती मालिकांत बरेचदा नसते. काही कंपन्या वॉरंटीच्या नोंदणीचा देश बदलून देतात, तो अर्ज निघण्याआधी करा.

आणि ऑनलाइन घेतल्यास १४ दिवसांत परत करता येतं. खास जुळवून घेतलेल्या मशीनला हा हक्क नाकारला जाऊ शकतो, अटी वाचा. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा, सगळे पोर्ट तपासा.

कृष्णाकाठ:
फार उपयोगी. ती परत घेऊन येताना जर्मन कस्टमचं काय? आणि समजा क्लास आधीच सुरू झाला म्हणून तिकडेच घ्यावा लागला तर?

घाटमाथा:
जर्मनीत घेतलेला असेल तर तीन वर्षांच्या आत परत आणलेली वस्तू करमाफ असते. मुख्य अट म्हणजे ती तिथलीच आहे हे दाखवता यायला हवं. मूळ बिल, त्यावर सिरियल नंबर. नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या. बिलाचा फोटो दोघांच्या मेलवर ठेवा.

भारतात घेतलेला असेल तर स्थलांतराचं सामान म्हणून येतो: निदान सहा महिने वापरलेला, निवास बदलल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणलेला, आणि पुढचे १२ महिने विकायचा नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला कोरा लॅपटॉप यात बसत नाही. विमानाने येणाऱ्याची करमाफीची मर्यादा ४३० युरो. त्याहून महाग लॅपटॉपवर सीमाशुल्क शून्य असलं तरी १९ टक्के आयात-व्हॅट लागतो. म्हणजे क्लास आत्ता सुरू होत असेल तर आत्ताच घ्या, सहा महिने आपोआप भरतील.

कळफलक:
भारतात घेतलात तर विंडोज 'होम सिंगल लँग्वेज' आहे का बघा. त्यावर पुढे जर्मन भाषा सरळ चढवता येत नाही.

अजून एक, याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. ती उघडायचा लांबलचक आकडा, म्हणजे रिकव्हरी की, त्या खात्यात जाते. खातं तिच्याच नावानं उघडा, तुमच्या नाही. की कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. खात्याला फक्त भारतीय मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तिथे ओटीपी न आल्यास दार बंद. निघण्याआधी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच लॉगिनचा कोड देणारं) आणि दुसरा ईमेल जोडून घ्या, आणि भारतीय सिमचं रोमिंग चालू करून ठेवा; बँकेच्या ओटीपीसाठी ते लागेलच.