भर पावसात फुटबॉल: सामना थांबवायचा कधी, पुन्हा सुरू करायचा कसा?

माळव्यातला बॅक (इंदूर)
नमस्कार मंडळी. जुलैअखेर आमच्याकडे आठ संघांची स्पर्धा आहे, मैदान काळ्या मातीचं. सामना थांबवायचा अधिकार आयोजकांचा की रेफ्रीचा? अर्धवट राहिला तर तेव्हाचाच स्कोअर धरायचा का? चेंडू डबक्यात अडकला तर शिट्टी वाजवतात का? नियमपत्रक छापायला द्यायचंय.

जुनी शिट्टी
डबक्यासाठी शिट्टी नाही, खेळ चालूच राहतो. मात्र गोलसमोर चेंडू वारंवार अडकत असेल तर मैदानच खेळण्याजोगं उरलेलं नाही. सुरुवातीआधी तपासा: खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडा, तो उसळलाच पाहिजे. मग जमिनीलगत जोरात पास द्या. पाणी उडवत दोन हातांवर थांबला तर तिथे सामना होत नाही. ही तपासणी दोन्ही गोलसमोर आणि मधल्या वर्तुळात कराच. फक्त कडेला उभं राहून ठरवू नका.

खेळ सुरू झाला की निर्णय रेफ्रीचाच (फुटबॉलच्या अधिकृत नियमांतला नियम 5). दोन्ही कॅप्टन ‘खेळतो’ म्हणाले तरी त्याला ते बंधनकारक नाही.

स्कोअरचं म्हणाल तर सोडून दिलेला सामना नियम 7 प्रमाणे पहिल्यापासून खेळवतात, स्पर्धेने वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणून पत्रकात दोन ओळी हव्यातच: किती वेळ वाट पाहणार, आणि नंतर नव्याने खेळवणार की उरलेली मिनिटं. 28 जून 2025 ला क्लब वर्ल्ड कपमधला चेल्सी–बेनफिका सामना वादळी हवेमुळे 86 व्या मिनिटाला थांबला, तेव्हा चेल्सी 1-0 ने पुढे. जवळपास दोन तासांनी उरलेला खेळ झाला आणि बेनफिकाने बरोबरी साधली! एक्स्ट्रा टाइममध्ये चेल्सी 4-1 ने जिंकली.

थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करताना, चेंडू खेळात असताना शिट्टी वाजली असेल तर ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री चेंडू हातातून जमिनीवर सोडतो. चेंडू पेनल्टी एरियात होता तर तो तिथल्या बचाव करणाऱ्या गोलकीपरला, नाहीतर ज्यांच्या ताब्यात होता त्या संघाच्या एका खेळाडूला. बाकी सगळे 4 मीटर लांब. थ्रो-इन व्हायचा होता तर थ्रो-इननेच सुरुवात.

विश्वामित्री काठ (वडोदरा)
विजेचंही पत्रकात घाला. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे, खेळ तत्काळ थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कोणीही मैदानात नको. मध्ये पुन्हा गडगडलं तर 30 मिनिटं नव्याने मोजायची. मुलांना पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत न्या. झाडाखाली, लोखंडी खांबांच्या मांडवात किंवा गोलपोस्टजवळ मुळीच नाही.

माळव्यातला बॅक
मनापासून आभार, काका. पेनल्टी मारताना पाय घसरून चेंडू दोनदा लागला तर?

जुनी शिट्टी
मार्च 2025 मध्ये स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिद क्लबच्या आल्वारेझची शूटआउटमधली पेनल्टी अशीच रद्द झाली. त्यानंतर जूनमध्ये स्पष्टीकरण आलं: दुसरा स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा. गोल झाला नाही, तर सामन्यात समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) आणि शूटआउटमध्ये ‘हुकली’ अशी नोंद. टॅकलला मात्र ‘घसरलो’ ही सबब चालत नाही. निष्काळजी असेल तर डायरेक्ट फ्री किक, बेफिकीर असेल तर पिवळं कार्ड, अति जोर लावला तर लाल.

चुना-दोरी
मैदानाबद्दल. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवू नका. माती दाबली जाते आणि पाणी मुरायचं थांबतं. डबकी स्पंज आणि बादलीने उपसा. रेषांसाठी कळीचा चुना कधीच नको, ओल्यावर तो कातडी आणि डोळे भाजतो. पांढरा इमल्शन रंग आदल्या दिवशी कोरड्यात मारा. चेंडूची हवा 8.5 ते 15.6 पौंडांत (psi) हवी. हाफ टाइमला पुन्हा मोजा आणि दोन कोरडे चेंडू झाकून ठेवा. काळी माती स्टडमध्ये गच्च बसते, तेव्हा बाकाजवळ एक खराटा आणि पाण्याची बादली हवीच.