मैदानात जाऊन पाहिलेली हार

पर्वतीपायथा
नोव्हेंबर २०२५, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची टेस्ट. कोलकात्याला १२४ करायचे होते, आपण ९३ वर आटोपलो. पुढे गुवाहाटीला ४०८ धावांनी आपटलो त्यात ते विसरलंही गेलं. माझ्या डोक्यात मात्र तो ९३ अडकून बसलाय. कारण हाच आकडा मी आधी एकदा बोर्डावर पाहिलाय, पुण्याच्या नेहरू स्टेडियममध्ये. २९ फेब्रुवारी १९९६, वर्ल्डकपची मॅच, केनिया वि. वेस्ट इंडीज.

अकरावीत होतो. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडवलं, जर्नल मांडीखाली घालून बसलो. सगळे वेस्ट इंडीजच्या लाराला बघायला आलेले, केनियाला कोण बघतंय! त्यांचे १६६ झाले, त्यात सगळ्यात जास्त धावा अवांतराच्या, ३७. आम्ही म्हटलं चला, आज लवकर घरी. लारा आला, ८ केले, रजब अलीच्या चेंडूला कड लागली आणि मागे तो चष्मेवाला, गोलमटोल कीपर तारिक इक्बाल. चेंडू ग्लोव्हजमध्ये आहे हे त्याला आमच्यानंतर कळलं असावं.

ओरडा झालाच नाही. शेजारचे एक काका संत्रं सोलत होते, ती फोड तशीच बोटात. "गेला?" एवढंच म्हणाले. आणि सहावी-सातवी विकेट पडेपर्यंत तेच काका उभे राहून "केनिया, केनिया" करत होते. वेस्ट इंडीज ९३ वर ऑलआउट! घरी पोचलो तर बाबा दारातच. आता जर्नल निघणार म्हणून पोटात गोळा. तर विचारतात काय, "हा केनियाचा ओडुंबे कोण रे?"

तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेली हार लिहा. टीव्हीवरची नको. गल्ली, कॉलेज, काहीही चालेल.

एकटा_फिल्डर
पुण्याचं गहुंजे स्टेडियम, २०१७, ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट. आपले दोन डाव, १०५ आणि १०७. बास, याच्यावर काय लिहू.

अण्णा_बिबवेवाडी
माझी कथा वेगळीच. २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या टेस्टचं रविवारचं तिकीट काढलं, म्हटलं चौथा दिवस, सुट्टी, नातवाला नेऊ. ओकीफने सहा-सहा काढून शनिवारीच कारभार आटोपला. धडा घेतला का? नाही. २०२४ ला न्यूझीलंड, पुन्हा रविवार. सॅन्टनरने १३ विकेट काढल्या, पुन्हा शनिवारीच खेळ खल्लास. रविवारी सकाळी हिने दिवाळीच्या चकल्यांचा सोऱ्या हातात दिला. म्हणजे मैदानात जाऊन पाहिलेली नाही, पण तिकिटं दोन्ही जपून ठेवलीत.

लोकलवाला
अण्णा 😂😂
मी २०२४ च्या त्या शनिवारी होतो. लोकलने बेगडेवाडीला उतरून चालत गेलो. जैस्वाल मारत होता तोवर आमच्या स्टँडमध्ये ३५९ होतातच असं ठरलंसुद्धा होतं. नंतर एकेक जण पिशवी आवरायला लागला. बारा वर्षं घरात एक मालिका हरलो नव्हतो, आणि ती हरायची आपल्या पुण्यात!

एकटा_फिल्डर
पिच पिच करून रडू नका म्हणतात, पण खड्डा आपणच खणायचा आणि आपणच पडायचं हे किती वेळा? २०१७ ला सामनाधिकाऱ्यांनी पिचला 'पूअर' शेरा दिला, तरी हौस फिटली नाही. त्याच २०२४ च्या टेस्टमध्ये आपल्या वॉशिंग्टनने ५९ धावांत ७ काढले होते. कोणाच्या लक्षात आहे? पाटा विकेट द्या आणि बुमराहला टाकू द्या, माझं सरळ मत.

कुकरच्या_शिट्ट्या
पाट्यावर पण हरलो की मग? (सॉरी, भात लावलाय, नंतर लिहिते)

खोखोवाली
खो-खोची आंतरमहाविद्यालयीन फायनल. शेवटचा डाव, आक्रमण आमचं, एक गुण हवा होता, वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत. त्यांची शेवटची पोरगी दमून तोंडाने श्वास घेत होती, मला ऐकू येत होतं. मी चौकात बसलेली. पाठीला हात लागला असं वाटलं आणि उठले. खो आलाच नव्हता. शिट्टी. मी परत बसेपर्यंत ती पार पलीकडच्या खांबाला. हरलो.

कोणी काही बोललं नाही. आमच्या सरांनी फक्त ग्लुकोजचा डबा उचलून पिशवीत टाकला. अजून पीएमटी बसमध्ये मागून कुणाचा हात लागला की उठायला होतं.

पर्वतीपायथा
@खोखोवाली, माझ्या केनियाचं काही खरं नाही आता. हे भारी लिहिलंत.

खोखोवाली
थँक्यू दादा. जानेवारी २०२५ ला प्रियांका इंगळेच्या पोरींनी नेपाळला ७८-४० ने हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा रडले. मुलांचा कप्तान प्रतीक वाईकरही पुण्याचाच. आणि आमचे हे विचारतात, "यात पॉइंट कसे मोजतात?" नऊ वर्षं झाली लग्नाला.

लोकलवाला
खो-खोचे नियम डेक्कन जिमखान्यावर ठरले, १९१४ साली. सांगा त्यांना.

नानांचा_नातू
आजोबा पूना क्लबला होते, डिसेंबर १९४८, रणजीत महाराष्ट्राच्या निंबाळकरांचे ४४३ नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला ९ कमी, आणि काठियावाडने मॅचच सोडून दिली! आजोबा सांगताना धावांबद्दल कमी आणि काठियावाडबद्दल जास्त बोलायचे, तेही न लिहिण्यासारखं. ही कोणाची हार धरायची?

कुकरच्या_शिट्ट्या
आले. माझा तर अख्खा आठवडा. २०२५ चा महिला वर्ल्डकप, ३० ऑक्टोबरला सेमीफायनलमध्ये जेमिमाचे १२७, आम्ही सोसायटीत नाचलो. दुसऱ्या दिवशी कबड्डीत पुणेरी पलटण फायनलला दिल्लीकडून ३१-२८ ने हरली, लेक जेवला नाही. रविवारी हरमनने कप उचलला तरी हा तोंड पाडूनच. म्हटलं अरे आपण जगज्जेते झालो! तर म्हणे, "तीनच पॉइंट होते गं आई."

एकटा_फिल्डर
मुलगा बरोबर बोलतोय.

कुकरच्या_शिट्ट्या
घ्या, अजून एक. बरं, आता स्टेडियमात संत्री नेऊ देतात का?

लोकलवाला
बाहेरचं काहीच नाही. माझी च्युइंगगमपण काढून घेतली.

अण्णा_बिबवेवाडी
पुढची टेस्ट गहुंज्याला कधी आहे कोणाला माहीत आहे का? रविवारचं काढीन म्हणतो.

खोखोवाली
अण्णा, शुक्रवारचं काढा.