२४ दिवसांचं मंत्रिमंडळ
भाऊ, पंतप्रधान चरणसिंगांचं १९७९ चं सरकार "नावापुरतं" होतं म्हणता, पण मंत्री बघा : यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान आणि गृह, बहुगुणा अर्थ, सी. सुब्रमण्यम संरक्षण. वजनदार माणसं! २८ जुलै १९७९ ला शपथ. २० ऑगस्टला लोकसभा भरायची होती, पण इंदिरा काँग्रेसनं पाठिंबा काढला आणि चरणसिंग त्या दिवशी थेट राजीनामा द्यायला गेले. पुढे जानेवारीपर्यंत काळजीवाहू.

मला यशवंतरावांचं वाईट वाटतं. आधीचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्यावर अविश्वास त्यांनीच आणला, सरकार बनवायला राष्ट्रपतींनी आधी त्यांनाच विचारलं, पण आकडे जमले नाहीत. आपल्या विदर्भानं तर ७८ च्या विधानसभेलाच इंदिराबाईंना कौल दिला होता. ८० साली नागपुरातून वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटेही लोकसभेवर त्यांच्याच पक्षाकडून निवडून आले.