संमती, सहमती की नुसता सल्ला? आचेच्या सभेबद्दल लिहिताना कुठला शब्द घ्यावा

डिचोलीहून:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात या महिन्याच्या चर्चेला इंडोनेशियातलं आचे घेतलंय, लढाई थांबल्यावर तिथं विशेष स्वायत्तता कशी चालते आणि तिथली प्रांतिक सभा काय करू शकते असा विषय, मराठीतलं टिपण मी लिहितेय. अडलंय ते असं की एके ठिकाणी 'आचेच्या सभेच्या संमतीने' लिहिलेलं सापडतं, दुसरीकडे 'सल्ल्याने', तिसरीकडे 'मत विचारात घेऊन', आणि तिन्ही एकाच अधिकाराबद्दल. आपण मराठीत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतो म्हणून विचारते, नेमका कुठला? आणि तिथल्या कायद्याला 'कानुन' म्हणतात ते तसंच ठेवू का?

फोंड्याहून:
ताई, शब्द वेगवेगळे सापडतायत कारण कागद दोन आहेत. 15 ऑगस्ट 2005 ला हेलसिंकीत आचे मुक्ती चळवळ (त्यांचं आद्याक्षरी नाव गाम) आणि इंडोनेशिया सरकार यांच्यात समझोता झाला, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी मध्यस्थ होते, 1976 पासून चाललेला लढा आणि त्यात 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी, किनारा सगळा धुऊन गेलेला. त्या समझोत्यात स्पष्ट लिहिलंय की जाकार्ताच्या संसदेला आचेसंबंधी काही ठरवायचं असेल तर आचेच्या विधिमंडळाशी सल्लामसलत करून आणि त्याच्या संमतीनं ठरवायचं. संमती लागते म्हटल्यावर नाही म्हणायचा हक्क आला.

मग आला 2006 चा 11 क्रमांकाचा कायदा, आचेचा कारभार आज ज्यावर चालतो तो. त्याच्या आठव्या कलमात सल्लामसलत राहिली पण संमती गेली, तिच्या जागी 'पर्तिंबांगान' आलं. तिंबांग म्हणजे तोलणं, वजन करणं. सभेनं तोलूनमापून मत द्यावं, संसदेनं ते विचारात घ्यावं, पण मत उलटं पडलं म्हणून कायदा अडेल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. लढाई थांबवताना दिलेला शब्द वर्षभरात असा पातळ झाला, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मराठीत दोन्हीकडे आपण 'संमती' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की आचेचे लोक नाराज का आहेत. तेव्हा समझोत्याबद्दल 'संमती', कायद्याबद्दल 'सल्लामसलत करून, मत विचारात घेऊन', लांब होतं पण होऊ दे. 'सहमती' दोन्हीकडे नको, ती दोन्ही बाजूंची मिळून होते, इथं एकानं मागायची आणि दुसऱ्यानं द्यायची आहे.

पण उरलेला शब्द अगदीच पोकळ आहे असंही समजू नका. 2017 च्या राष्ट्रीय निवडणूक कायद्यानं आचेच्या कायद्यातली काही कलमं परस्पर काढून टाकली, तेव्हा आचेतून घटना न्यायालयात दाद मागितली गेली आणि 2018 च्या जानेवारीत न्यायालयानं ती काढून टाकणारी तरतूदच रद्द केली, का तर सभेला विचारलंच नव्हतं. म्हणजे सभा अडवू शकत नाही पण तिला वगळूनही जाता येत नाही. हा फरक टिपणात जरूर घ्या.

मडगावहून:
कानुन तसंच ठेवा. आपलं 'कायदेकानून' आणि शिवकाळातला 'कानुजाबता' यातला तोच अरबी शब्द, त्याच्याही मागं ग्रीक आहे. आचेत मात्र त्याचा अर्थ नेमका झालाय, प्रांताच्या सभेनं आणि गव्हर्नरनं मिळून मंजूर केलेला प्रांताचा कायदा. देशाच्या कायद्याला ते कानुन म्हणत नाहीत. म्हणून जाकार्ताचा 'कायदा' आणि आचेचा 'कानुन' अशी वाटणी केली तर वाचकाचा घोळ होणार नाही.

आणि सभेचं नाव ऐका, देवान पर्वाकिलान रायात आचे. देवान म्हणजे आपला दीवान, पर्वाकिलानच्या पोटात वकील आहे, मराठेशाहीत दरबारी पाठवायचे तो प्रतिनिधी वकील, कोर्टातला नव्हे, आणि रायात म्हणजे रयत. रयतेच्या वकिलांचा दीवाण! 81 जागांची सभा आहे. समझोत्यातून आचेला स्थानिक पक्ष काढायची मुभा मिळाली, इंडोनेशियात पक्ष देशभर पसरलेला असावा लागतो तिथं ही मोठी गोष्ट. 2009 च्या निवडणुकीत तेव्हाच्या 69 जागांपैकी 33 गामच्या लोकांनी काढलेल्या आचे पक्षानं जिंकल्या, म्हणजे जे जंगलात होते ते सभागृहात येऊन बसले.

अजून एक, गव्हर्नरचं 'राज्यपाल' करू नका हं. तो लोकांनी थेट निवडलेला असतो, आमचा राज्यपाल दिल्लीहून नेमलेला. मराठीत राज्यपाल वाचलं की उलटंच चित्र उभं राहतं.

डिचोलीहून:
खूप आभार दोघांचे. राज्यपालचं लक्षातच आलं नसतं. आता मला माहितेय की चर्चेत कोणीतरी उठून म्हणणारच, आमच्या गोव्यालाही घटनेत 371 आहे, मग आम्हीही विशेष दर्जावालेच. काय सांगू?

पेडण्याहून:
बाय, त्यांना कलमाच्या पुढचं अक्षर वाचायला सांगा. गोवा 30 मे 1987 ला राज्य झालं, मिझोराम त्याच वर्षी 20 फेब्रुवारीला. मिझोराममध्ये 1966 पासून बंड होतं, 30 जून 1986 ला करार झाला आणि त्यातून 371-जी आलं. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीचा कायदा, त्या रूढीप्रमाणे होणारा न्याय, जमिनीची मालकी आणि हस्तांतरण, यावरचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेनं ठराव करून स्वीकारल्याशिवाय तिथं लागूच होत नाही. आणि आमचं 371-आय? विधानसभेत कमीत कमी 30 सदस्य असतील, बस, एवढं एकच वाक्य. जमिनीबद्दल अक्षर नाही. डोंगर कापले जातायत, शेतं बुजतायत म्हणून विशेष दर्जा मागणारी माणसं नेमकं मिझोरामसारखं काहीतरी मागतात, नुसता 371 हा आकडा दाखवून ते मिळत नाही. माझ्या मते 'विशेष दर्जा' हा शब्द टिपणात एकटा वापरूच नये, कसला अधिकार ते लगेच पुढं लिहावं.

फोंड्याहून:
याच्यावरून सांगायचं राहिलं ते सांगतो, पेडण्याच्या बाबांनी आचेशी जोडायला चांगला धागा दिला. मिझोरामला मिळालं ती खरी संमती, तीही पुढाऱ्याच्या तोंडची नव्हे, सभेच्या ठरावाची. आचेला ती समझोत्यात मिळाली आणि कायद्यात गेली. तुमच्या वाचनालयात हे दोन शेजारी ठेवलेत तर बरंच काही आपोआप उलगडेल. स्वायत्तता हा शब्द चालेल, स्व आणि आयत्त, स्वतःच्या ताब्यातलं. पण 'विशेष स्वायत्तता' जाकार्तानं 2001 च्या कायद्यानं आधीच देऊन टाकली होती आणि लढाई थांबली नव्हती, म्हणून वाटाघाटीत गामला तो शब्द नको होता, ते स्वशासन म्हणत होते. तर 2001 बद्दल विशेष स्वायत्तता लिहा, 2005 नंतरच्याला शक्यतो स्वशासन किंवा सरळ 'आचेचं सरकार'.

झेंड्याचंही घ्या. समझोत्यात आचेला स्वतःचा झेंडा मान्य आहे, सभेनं 2013 मध्ये त्याचा कानुन केला, झेंडा गामच्याच झेंड्यासारखा, आणि केंद्रानं हरकत घेतली. म्हणून 'मंजूर केला' आणि 'लागू झाला' हे वेगवेगळं लिहायचं.

डिचोलीहून:
शेवटचं एक. 'वली नांग्रोए' असं एक पद आहे, त्याला राजा लिहिलं तर?

मडगावहून:
राजा नको. आपण म्हणतो ना 'त्याला कोणी वाली नाही', तोच वली, आणि नांग्रोए म्हणजे आपल्या 'नगरी'चंच पोर, अर्थ तिथं देश. समझोत्यात ते पद मानाचं, समारंभाचं म्हणून ठरलं आणि सभेनं 2012 च्या कानुनानं ते उभं केलं, कारभार त्याच्याकडे नाही, तो गव्हर्नर आणि सभेकडे. 'आचेचा वाली' लिहा आणि पुढं एका वाक्यात हे सांगा.