एकच कार्बन असलेल्या संयुगांवर जगणारे जिवाणू आणि रॉडनी क्वेल यांचे संशोधन : दोन शंका

शोधछात्रा :

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सेरीन चक्र आणि रिब्युलोज मोनोफॉस्फेट चक्र (एक कार्बनी पदार्थांपासून जिवाणू आपले पेशीघटक बनवतात ते दोन मार्ग) आम्हाला एकाच तासात शिकवले गेले, आणि दोन्ही आकृत्या पाठ करून मी परीक्षाही दिली. नंतर रॉडनी क्वेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञांच्या कामाविषयी वाचताना लक्षात आले की, मी एका रात्रीत पाठ केलेल्या त्या आकृत्यांमागे त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याची सुमारे पंचवीस वर्षे आहेत. तेव्हापासून दोन शंका मनात आहेत. मिथेनॉल, फॉर्मेट, मिथेन अशा एकच कार्बन अणू असलेल्या पदार्थांवर वाढण्यात एवढे अवघड काय आहे, की जिवाणूंना त्यासाठी स्वतंत्र चक्रे लागावीत? आणि जनुकक्रम वाचण्याची सोय नसलेल्या काळात, पेशीत शिरलेला कार्बन प्रथम कोणत्या रेणूत जातो हे त्यांनी इतक्या खात्रीने कसे ठरवले? पीएच.डी.साठी याच विषयाचा विचार करत असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

जीवरसायन_वाचक :

पहिल्या शंकेचे उत्तर कार्बन-कार्बन बंधात आहे. ग्लुकोजवर वाढणाऱ्या जिवाणूला सहा कार्बनांची तयार साखळी मिळते. ती तोडून, हवी तशी जोडून तो आपले घटक बनवतो. मिथेनॉलमध्ये असा एकही बंध नसतो, त्यामुळे पेशीतील प्रत्येक कार्बन-कार्बन बंध मुळापासून घडवावा लागतो. त्यासाठी येणाऱ्या एका कार्बनला धरून ठेवणारा एखादा ग्राहक रेणू आधीच हजर असावा लागतो, आणि तो प्रत्येक फेरीत पुन्हा तयार व्हावा लागतो. म्हणूनच हे मार्ग चक्राकार असतात. त्यात भर म्हणजे मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना चिकटून त्यांची हानी करते, तेव्हा ते साचण्याआधी उचलणे हा पेशीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

दुसऱ्या शंकेसाठी क्वेल कुठून आले हे पाहावे लागते. मुळात ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी. 1953 ते 1955 या काळात ते बर्कलीला, वनस्पती कार्बन डायऑक्साइड कसा बांधतात हे उलगडणाऱ्या मेल्विन कॅल्विन यांच्या प्रयोगशाळेत होते आणि 1954 मध्ये क्लोरेला या शैवालाच्या पेशीअर्कात रिब्युलोज डायफॉस्फेट या पाच कार्बनी साखरेच्या फॉस्फेटला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो हे दाखवणाऱ्या लेखाचे ते एक लेखक होते. 1956 मध्ये ते ऑक्सफर्डला हान्स क्रेब्स यांच्या संशोधन-विभागात आले, ते कॅल्विन यांच्याकडची पद्धत सोबत घेऊन.

ती पद्धत सांगायला सोपी आणि करायला अत्यंत कष्टाची आहे. वाढत्या जिवाणूंना कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन असलेले मिथेनॉल द्यायचे, काही सेकंदांच्या अंतराने थोडे थोडे नमुने काढून उकळत्या अल्कोहोलमध्ये ओतायचे, म्हणजे सर्व रासायनिक क्रिया त्या क्षणी थांबतात. मग अर्कातील संयुगे कागदी क्रोमॅटोग्राफीने दोन दिशांना वेगळी करायची आणि त्या कागदावर एक्स-रे फिल्म ठेवून किरणोत्सारी ठिपके शोधायचे. खरी मेख पुढच्या हिशेबात आहे. एकूण किरणोत्सारापैकी किती टक्के कोणत्या संयुगात आहे याचा वेळेनुसार आलेख काढला, की पहिल्या उत्पादिताचा वाटा सुरुवातीला सर्वांत मोठा असतो आणि नंतर घसरत जातो, तर मागाहून तयार होणाऱ्यांचा वाटा शून्याजवळून वर चढतो. ठिपका किती गडद आहे यापेक्षा रेषेचा उतार महत्त्वाचा.

ऑक्सफर्डला त्यांनी प्रथम फॉर्मेटवर वाढणारा स्यूडोमोनास ऑक्झॅलॅटिकस हा जिवाणू घेतला. कीच या सहकाऱ्यासोबत 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दाखवले की हा जिवाणू फॉर्मेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो आणि मग तोच वायू हिरव्या वनस्पतींप्रमाणे कॅल्विन चक्राने बांधतो. कॅल्विन यांच्याकडून आलेल्या माणसाला हे उत्तर सगळीकडे लागू करण्याचा मोह पडणे अगदी स्वाभाविक होते. क्वेल यांनी मात्र पुढच्या जिवाणूला तोच प्रश्न पुन्हा कोरेपणाने विचारला, आणि माझ्या मते त्यांच्या कामाची थोरवी इथे आहे. 1961 मध्ये पील यांच्यासोबत त्यांनी ज्याचे वर्णन केले, तो गुलाबी रंगाचा स्यूडोमोनास एएम-1, म्हणजे आजचा मिथायलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स, मिथेनॉलवर वाढताना निराळेच वागला. कॅल्विन चक्राची खूण असलेले फॉस्फोग्लिसरेट तिथे अग्रभागी नव्हते. मिथेनॉलचा कार्बन अगदी सुरुवातीला सेरीन या अमिनो आम्लात दिसत होता, तर कार्बन डायऑक्साइड फॉस्फोइनॉलपायरुवेटला जोडला जाऊन चार कार्बनी आम्लांत शिरत होता. पेशीचा जवळपास निम्मा कार्बन असा कार्बन डायऑक्साइडमधून येतो. लार्ज, पील आणि क्वेल यांच्या 1961-62 मधील लेखांतून सेरीन चक्राचा सांगाडा उभा राहिला.

तरीही ठिपक्यांवरून काढलेला मार्ग हा अनुमानच असतो. 1970 मध्ये हेप्टिन्स्टॉल आणि क्वेल यांनी सेरीन चक्रातील एक एन्झाइम गमावलेला उत्परिवर्ती जिवाणू मिळवला; तो एक कार्बनी पदार्थांवर वाढू शकत नव्हता. एन्झाइम गेल्यावर वाढ थांबते हे दाखवल्याने त्या अनुमानाला भक्कम आधार मिळाला.

किण्वक :

वरील उत्तरात मिथेनवर वाढणाऱ्या जिवाणूंची बाजू राहिली आहे, म्हणून भर घालतो. 1963 मध्ये क्वेल शेफिल्ड विद्यापीठात गेले आणि 1965 पासून तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी आणि केम्प यांनी स्यूडोमोनास मिथॅनिका या जिवाणूवर हीच पद्धत वापरली, तेव्हा सेरीनऐवजी साखरेची फॉस्फेटे प्रथम उजळली. म्हणजे इथे फॉर्माल्डिहाइड थेट पाच कार्बनी साखरेच्या फॉस्फेटला जोडले जाऊन सहा कार्बनी साखर बनत होती. हाच रिब्युलोज मोनोफॉस्फेट मार्ग.

ती सहा कार्बनी साखर म्हणजे अॅल्युलोज फॉस्फेट आहे असे त्यांनी 1960 च्या दशकात प्रसिद्ध केले होते. पुढे केम्प यांनीच बारकाईने तपासून ती साखर वेगळी, अॅराबिनो-3-हेक्स्युलोज फॉस्फेट, असल्याचे दाखवले आणि 1974 मध्ये स्ट्रॉम, फेरेन्सी व क्वेल यांच्या कामातून त्याला दुजोरा मिळाला. ज्या गटाने चूक छापली त्याच गटातून तिची दुरुस्ती आली. संशोधनात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लेख लागोपाठ वाचावेत असे मला मनापासून वाटते.

दोन मार्गांतील फरक कारखान्यातही महत्त्वाचा ठरला. सेरीन चक्रात एटीपी (पेशीचा ऊर्जावाहक रेणू) आणि अपचयनशक्ती (इलेक्ट्रॉन पुरवण्याची क्षमता) यांचा खर्च अधिक, त्यामुळे तेवढ्याच मिथेनॉलमागे पेशींचे उत्पादन कमी मिळते. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने बिलिंगहॅम येथे मिथेनॉलपासून पशुखाद्याचे प्रथिन बनवण्यासाठी निवडलेला मिथायलोफिलस मिथायलोट्रोफस हा रिब्युलोज मोनोफॉस्फेट मार्गाचाच होता. प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला, पण सोयाबीनच्या प्रथिनाशी किमतीत टिकला नाही.

शोधछात्रा :

दोघांचेही आभार. उतार पाहण्याची युक्ती आता नीट कळली. मात्र सेरीन चक्राचा हिशेब मांडताना मी एका ठिकाणी अडकते. चक्रातील मॅलिल-कोएन्झाइम-ए हे चार कार्बनी संयुग तुटून दोन-दोन कार्बनांचे ग्लायऑक्झिलेट आणि अॅसिटिल-कोएन्झाइम-ए मिळतात. पेशीने आपल्या वाढीसाठी चक्रातला कार्बन काढून घेतला, तर पुढच्या फेरीसाठीचे ग्लायऑक्झिलेट कुठून येते? पाठ्यपुस्तकात तिथे अॅसिटिल-कोएन्झाइम-एपासून ग्लायऑक्झिलेटकडे जाणारा एक बाण आहे, पण त्यावर काहीच लिहिलेले नाही.

जुना_प्रयोगकर्ता :

आपण अगदी योग्य जागी अडकला आहात, कारण स्वतः क्वेलही तिथेच अडकले होते. अॅसिटेटवर वाढणाऱ्या जिवाणूंसाठीचे ग्लायऑक्झिलेट चक्र कॉर्नबर्ग आणि क्रेब्स यांनी 1957 मध्ये मांडले होते, तेही क्वेल ज्या विभागात काम करत होते तिथूनच. त्यामुळे तेच चक्र इथे चालत असावे हा विचार जवळचा होता. अडचण अशी की त्यासाठी लागणारे आयसोसायट्रेट लायेज हे एन्झाइम सेरीन मार्गाच्या काही जिवाणूंत असले, तरी एएम-1 मध्ये सापडत नव्हते. क्वेल यांनी ही पोकळी झाकली नाही. अॅसिटिल-कोएन्झाइम-ए ग्लायऑक्झिलेटमध्ये कसे बदलते हे अज्ञात आहे, असेच त्यांच्या गटाच्या लेखांतून मांडलेले राहिले. 1978 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, 1983 ते 1992 बाथ विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि 2006 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही या बाणाचे पूर्ण उत्तर हाती नव्हते.

2007 मध्ये फुक्स यांच्या गटाने रोडोबॅक्टर स्फेरॉइड्स या निराळ्याच जिवाणूत इथिलमॅलोनिल-कोएन्झाइम-ए मार्ग उलगडला आणि 2009 मध्ये कार्बन-13 वापरून तोच मार्ग एएम-1 मध्ये चालतो हे सिद्ध झाले. तुमच्या पुस्तकातील त्या एका बाणाच्या जागी प्रत्यक्षात अनेक पायऱ्यांची, चार व पाच कार्बनी कोएन्झाइम-ए संयुगांतून जाणारी वाट आहे.

इतर भागही बदलले आहेत. 1998 मध्ये एएम-1 मध्ये टेट्राहायड्रोमिथॅनोप्टेरीन हे सहएन्झाइम सापडले, जे तोपर्यंत मिथेन बनवणाऱ्या आर्कियांचे (जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचे) वैशिष्ट्य मानले जात असे, आणि पुढे असे दिसले की सेरीन चक्रात जाणारा बराचसा कार्बन फॉर्माल्डिहाइडवरून सरळ न जाता आधी फॉर्मेट होऊन परत अपचयित होतो. मिथेनॉल डीहायड्रोजिनेजला कॅल्शियम लागते असे आपण शिकतो, पण त्याच्या एका रूपाला लॅन्थॅनम, सेरियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये लागतात हे 2011 च्या सुमारास पुढे आले. त्याआधीच्या प्रयोगशाळांतील पोषकद्रवांत हे धातू मुद्दाम घातलेच जात नसत.

पीएच.डी.विषयी विचारले आहे म्हणून सांगतो. 2020 मध्ये एश्चेरिकिया कोलाय या नेहमीच्या जिवाणूत रिब्युलोज मोनोफॉस्फेट चक्र बसवून त्याला केवळ मिथेनॉलवर वाढवण्यात यश आले. पण त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे साडेआठ तास लागत होते, तर एएम-1 ला मिथेनॉलवर तीन ते चार तास पुरतात. फॉर्माल्डिहाइडची निर्मिती आणि उचल यांचा मेळ नैसर्गिक जिवाणू कसा राखतात, आणि बसवलेल्या मार्गात तो कुठे बिघडतो, हा प्रश्न घेऊन आपण मार्गदर्शकांशी बोलावे. त्याआधी लार्ज, पील आणि क्वेल यांच्या लेखांतील मूळ आलेख काढून त्यांचे उतार स्वतः वाचून पाहा. सेरीनची रेषा खाली का येते हे आता तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.