रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेक: सॅकचं वजन कमी कसं करू?

मुक्ता_कोथरूड

मंडळी, डिसेंबरच्या शेवटी आम्ही तिघी मैत्रिणी रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाई खिंडीतून कुमशेत आणि तिथून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड करतोय, दोन मुक्काम. एकदिवसीय ट्रेक भरपूर झालेत पण सगळं सामान पाठीवर घेऊन सलग चालायची ही पहिलीच वेळ. काल सॅक भरून काट्यावर ठेवली तर पाणी न धरता 13 किलो भरली आणि माझं स्वतःचं वजन 51 आहे!! सॅक 70 लिटरची (भावाची), तिघींचा मिळून टेंट 3.8 किलो तो माझ्याकडेच, स्लीपिंग बॅग 1.9, वर गॅस स्टोव्ह, पातेली, कपडे वगैरे. सात हजारापर्यंत खर्च करू शकते. आधी काय बदलू? की आहे तेच घेऊन जाऊ, होईल सवय?

घाटवाट_वेडा

सवय वगैरे होत नाही, गुडघे बोलतात उतारावर. आधी एक काम कर, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घे आणि एकेक वस्तू मोजून वहीत लिही, अंदाजाने कमी करायला गेलीस तर टूथब्रश कापत बसशील आणि चार किलोचा टेंट तसाच राहील. जेवण, पाणी आणि गॅस सोडून जे उरतं त्याला बेस वेट म्हणतात. अमेरिकेतले अल्ट्रालाइटवाले हे साडेचार किलोच्या आत ठेवतात, आपल्याला त्या नादाला लागायची गरज नाही, सहाच्या आसपास आलीस तरी पुष्कळ झालं.

खरं वजन सॅक, निवारा आणि झोपायचं सामान या तिघांत असतं. 70 लिटरची सॅक रिकामीच अडीच किलोच्या घरात असणार, शिवाय जागा दिसली की आपण भरतोच. 45-50 लिटरची सव्वा किलोपर्यंत मिळते, पहिला खर्च तिथे कर, पण दुकानात आत सात-आठ किलो भरून पाठीवर घेऊन बघ, वजन कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं, खांद्यावर नाही. आणि बाहेर काहीही लटकवू नकोस, रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर मॅट आणि चहाचा मग अडकतात आणि तोल जातो, कात्राबाईच्या जंगलात कारवीच्या झुडपांत तर पावलोपावली. सगळं आत.

फुकटात वजन कमी करायचे उपाय: जीन्स बाद, स्टीलची थर्मल बाटली बाद (अर्धा किलोच्या आसपास असते, बिसलरीची रिकामी बाटली 30 ग्रॅमसुद्धा नसते), रोज एक टीशर्ट हा हिशोब बाद. चालायचा एक जोड आणि झोपायचा एक कोरडा जोड, बस. मोजे मात्र जास्तीचे घे.

अकोल्याचा_पोरगा

ताई, मी इकडचाच, अकोले तालुक्यातला. तुमचं अर्धं वजन गावात येऊनच कमी होईल. कुमशेतला आधी फोन करून सांगितलं तर घरी जेवण मिळतं, पिठलं-भाकरी, ठेचा, भात, आणि पडवीत किंवा अंगणात झोपायची सोय पण होते. हरिश्चंद्रगडावर पाचनईची माणसं जेवण करून देतात. मग स्टोव्ह आणि पातेली कशाला उचलता? वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर एवढं पुरे. स्टोव्ह घ्यायचाच असेल तर तिघींत एकच छोटा, चहापुरता. आणि चूल पेटवायचा विचार नको, हे सगळं अभयारण्य आहे आणि डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. आम्ही वणवे विझवलेत, सांगतो ते मनापासून सांगतो.

पाण्यात मात्र काटकसर करू नका. रतनगडावरून निघताना प्रत्येकीकडे तीन लिटर हवंच, कुमशेतपर्यंत पल्ला मोठा आहे आणि वाटेतल्या ओढ्याच्या भरवशावर राहायचं नाही. वाट जंगलातली, सोबत गावातला माणूस घ्या.

थंडीवाली_गौरी

वरचं सगळं पटलं पण एक सांगते, हलकं हलकं करताना गरम कपडे कमी करू नका. गडावर डिसेंबरात पारा कधीकधी दहाच्या खाली जातो आणि कोकणकड्याकडून (हरिश्चंद्रगडाचा सरळ तुटलेला कडा) वारा सुटला की फार बोचरा लागतो. स्लीपिंग बॅग घेताना लेबल नीट वाचा, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल इतपत, त्यात झोप लागत नाही, आणि दुकानदार बऱ्याचदा तोच आकडा सांगतो!! कम्फर्ट हा आकडा बाईच्या शरीराच्या हिशोबाने काढतात आणि लिमिट पुरुषाच्या, म्हणून आपण कम्फर्टच बघायचा. 5 ते 8 डिग्री कम्फर्टची बॅग किलोभरात मिळते. खाली फोमची मॅट हवीच, गडावर गुहेत झोपायचं झालं तर तिथला दगड रात्रभर अंगातली ऊब ओढतो, बॅग कितीही भारी असली तरी. ती मॅट तीन-चारशे ग्रॅमच असते, घडीची घेतलीत तर सॅकमध्ये पाठीच्या बाजूला सरळ बसते.

मुक्ता_कोथरूड

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! स्टोव्ह आणि पातेली घरीच, सॅक आणि बॅग नवीन घेते. फक्त टेंटचं कळत नाहीये, गुहा आहेत म्हणतात पण त्या भरलेल्या असल्या तर?

घाटवाट_वेडा

वर्षाअखेरीला हरिश्चंद्रगडावर तुफान गर्दी असते, गुहा मिळेलच असं धरू नकोस. पाचनईत फोन कराल तेव्हाच मुक्कामाचंही विचारून घ्या, जेवण देणारेच सोय करतात बऱ्याचदा. रतनगडाच्या गुहेत तिघी सहज मावाल, पण दुपारी चारच्या आत पोचा. तरीही मनात धाकधूक असेल तर 3 बाय 3 मीटरची नायलॉनची ताडपत्री घे, पाऊण किलोच्या आसपास असते, पाऊस नाही त्यामुळे दव आणि वारा अडवला की भागतं, दोन काठ्या आणि दोरीवर बांधता येते. घरी गच्चीवर एकदा बांधून बघ. आणि टेंट घेतलाच तर एकटीने उचलू नकोस, खांब एकीकडे, कापड दुसरीकडे, खुंट्या तिसरीकडे. हेडटॉर्च आणि औषधं मात्र प्रत्येकीची वेगळी ठेवा, ती वाटून घ्यायची नाहीत.